तेल किती आहे?



सुरतेच्या डिंडोलीत पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. नाताळाला बारडोली, व्यारा, सोनगडवरून नवापूरकडे मोटारसायकली निघतात. निघताना जो तो पेट्रोल पाहतो. इंजिनातले तेल कोण पाहतो? मीही पाहत नसे. एकदा व्याऱ्याच्या अलीकडे इंजिन जाम झाले. टाकी मात्र भरलेली होती!

मिस्त्रीने मग शिकवले. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर सरळ उभी करावी. कलती असली तर माप खोटे येते. इंजिन थोडे चालवून बंद करावे व दोन-तीन मिनिटे थांबावे, म्हणजे तेल खाली उतरते. डिपस्टिक काढून पुसावी, (माझ्या गाडीत) आटे न फिरवता पुन्हा आत सोडावी, आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावे. जास्त भरणेही वाईटच.

मत्तय 25 मधील दहा कुमारींकडे पाहा. दिवे सगळ्यांजवळ होते. उणीव कळली ती मध्यरात्री, आणि शेजारणीचे तेल मागून मिळाले नाही. आपणही उपासना, सभा, गायनाचा सराव यांत सारखे धावत असतो. चालत्या इंजिनाचे माप कसे घ्यावे? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, येत्या रविवारी मुले येण्याआधी दहा मिनिटे एकटेच बसाल का?