पिठाचा कोंबडा आणि गंजलेला रणगाडा

ज्या यंत्राची निर्मितीच संहारासाठी झाली, आणि ज्या सत्तेच्या हुकमाने तो संहार घडला ती सत्ता मनुष्यजातीच्या न्यायासनापुढे निर्विवादपणे अधर्मी ठरली, त्या यंत्राची हुबेहूब प्रतिकृती एखाद्या सज्जन, पापभीरू गृहस्थाने रात्र रात्र जागून, डोळ्यांना ताण देऊन, श्वास रोखून घडवावी, यात काही दोष आहे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्यांच्या प्रतिकृती करणारी माणसे देशोदेशी आहेत. त्यांतल्या बहुतेकांना हिटलरविषयी तिळमात्र आस्था नाही, आणि त्यांनी कोणाचे वाकडेही केलेले नाही. मी स्वतः या कलेवर मनापासून प्रेम करीत आलो आहे. परंतु प्रेम करणाऱ्यानेच आपल्या प्रेमविषयाचा जमाखर्च मांडावा, परक्याने मांडला तर तो नुसता आरोप ठरतो, अशी माझी समजूत असल्यामुळे हा प्रश्न टाळणे मला उचित वाटत नाही.

या छंदाला आजचे रूप आले ते जर्मनीत नव्हे, जपानात. शिझुओका या गावी 1946 साली लाकडाचा व्यापार म्हणून सुरू झालेल्या तामिया या पेढीने पुढे लाकडी खेळणी सोडून प्लास्टिकचा आश्रय केला, आणि 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचे चालते किट बाजारात आणले. त्याच्या पोटात मोटर व विजेचे सेल मावले पाहिजेत, एवढ्या एका व्यावहारिक अडचणीतून त्याचा आकार ठरला, तो मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास भरला, आणि तेच प्रमाण साऱ्या जगाने पुढे शिरोधार्य मानले. या प्रमाणात सत्तावन्न टन वजनाचा ‘टायगर’, म्हणजे ज्याचे पुढचे चिलखत 100 मिलिमीटर जाडीचे आणि तोफ 88 मिलिमीटरची, जो कासेल येथील हेन्शेल कारखान्यात 1942 ते 1944 या काळात साडेतेराशेच्या घरात तयार झाला, तो, पुढे आलेली तोफेची नळी सोडता, सुमारे अठरा सेंटिमीटर लांबीचा होऊन टेबलावर येऊन बसतो.

पण जोडणी हा या कलेचा केवळ पूर्वरंग आहे. खरी कसोटी रंगाची, आणि त्याहून अधिक, ज्याला या मंडळींत ‘वेदरिंग’ म्हणतात त्या संस्काराची. फेब्रुवारी 1943 मध्ये जर्मन सैन्यात असा हुकूम सुटला की, यापुढे रणगाड्यांचा मूळ रंग करडा न राहता गडद पिवळा असावा, आणि त्यावर तांबूस तपकिरी व हिरव्या रंगाचे पट्टे पलटणींनी आपापल्या सोयीने ओढावेत. हे दोन रंग घट्ट लेपाच्या स्वरूपात पुरविले जात, आणि ते पेट्रोलमध्ये किंवा, पेट्रोल नसेल तर, पाण्यात कालवून वापरले जात. त्यामुळे एकाच कारखान्यातून निघालेले दोन रणगाडे रणभूमीवर कधी एकसारखे दिसत नसत, आणि ही विविधता हेच प्रतिकृतीकाराचे कुरण. तो आधी साऱ्या अंगाला गंजाचा रंग देतो, तो वाळल्यावर केसांवर मारावयाचा स्प्रे त्यावर फवारतो, वर एअरब्रशने पिवळा रंग चढवितो, आणि मग ओल्या कुंचल्याने झाकणांच्या कडा, पायऱ्या, जिथे सैनिकांचे बूट घासत असतील त्या जागा हळूहळू चोळतो; मधला थर पाण्याने विरघळतो, वरचा रंग कणाकणाने सुटतो आणि खालचा गंज डोकावू लागतो. पातळ केलेल्या तैलरंगाचा ओघळ रिव्हेटच्या खाली उतरतो. सुक्या रंगाच्या भुकटीची धूळ चाकांच्या खाचांत बसते. हे ज्याने एकदा चांगल्या हाताखाली घडताना पाहिले त्याला ही चित्रकलेचीच एक शाखा आहे, याविषयी शंका उरणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शस्त्राविषयी आदर हा स्वतःच दोष मानावा, तर खंडेनवमीला आपण घरोघर शस्त्रे पुजतो त्याचे काय, असे कोणी विचारील. परंतु तिथे शस्त्र धर्माच्या ताबेदारीत आहे अशी भावना असते. इथे ज्या शस्त्राची गोष्ट आहे ते अधर्माच्या ताबेदारीत होते, हे उघड आहे. म्हणून त्या दाखल्याने आपले समाधान होत नाही. आपल्या परंपरेत याहून नेमका दाखला आहे, आणि तो जैन कथाकारांनी देऊन ठेवला आहे.

उज्जयिनीच्या यशोधर राजाची ती कथा दहाव्या शतकात सोमदेवसूरीने संस्कृत चंपूत आणि पुष्पदंताने मान्यखेट येथे अपभ्रंश काव्यात सांगितली. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादून विदर्भातील कारंजा येथील ग्रंथमालेत 1931 साली प्रसिद्ध केले, त्यामुळे मराठी अभ्यासकांना ती अपरिचित नाही. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी देवीला पशुबळी दे, असा आग्रह राजमाता चंद्रमती धरते. राजा हिंसेला तयार नसतो. आणि अखेर मातृभक्ती व अहिंसा यांची तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. रक्ताचा एक थेंब सांडत नाही. तरीही त्या एका कृत्यापायी मायलेकांना मोर, कुत्रा अशा पशुयोनींतून जन्मोजन्मी फिरावे लागते आणि ज्या यातना त्यांनी पिठाला दिल्या त्या स्वतःच्या मांसावर सोसाव्या लागतात. कथाकाराचा अभिप्राय असा की, हिंसा हाताने होते त्याआधी संकल्पाने होते, आणि संकल्पाच्या दप्तरात कोंबडा पिठाचा होता ही सबब रुजू होत नाही.

उलट, मध्वाचार्यांच्या परंपरेने यज्ञात प्रत्यक्ष पशूच्या जागी पिष्टपशूच घ्यावा असा पक्ष धरला, आणि त्यात अधर्म न पाहता हिंसेची निवृत्ती पाहिली. एकच पीठ, एकच आकृती; एका दर्शनात ती पापाचे बीज, दुसऱ्यात पापापासून सुटका. या दोन निवाड्यांत मला विरोध दिसत नाही. चंद्रमतीला कोंबडा मारावयाचाच होता आणि पीठ ही तिची पळवाट होती. याज्ञिकाला मारणे सोडावयाचे होते आणि पीठ हा त्याचा मार्ग होता. प्रतिकृतीचे पुण्यपाप प्रतिकृतीत नाही, ती ज्या दिशेने मनाला नेते त्या दिशेत आहे.

तेव्हा विचारावयाचे ते एवढेच, की हा प्लास्टिकचा रणगाडा मनाला कोणीकडे नेतो? इथे कोणी काश्मीरच्या शंकुक या रसमीमांसकाचा आधार घेईल. रंगमंचावरचा राम पाहताना प्रेक्षकाला होणारी प्रतीती खरी नव्हे, खोटी नव्हे, संशयाची नव्हे आणि साम्याचीही नव्हे. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो, तशी ती एक निराळीच प्रतीती आहे, असे त्याने म्हटले, आणि त्याचे मत अभिनवगुप्ताने खंडनासाठी का होईना, आपल्यासाठी जपून ठेवले. चित्रातल्या घोड्याने कोणी तुडविला जात नाही. मग टेबलावरच्या टायगरने तरी कोणाचे काय बिघडविले? हे उत्तर पाहणाऱ्यापुरते मला मान्य आहे, करणाऱ्यापुरते नाही. पाहणाऱ्यापुढे चित्र सिद्ध होऊन येते. करणारा मात्र काय दाखवावे आणि काय वगळावे याचा पूर्ण मुखत्यार असतो, आणि जो मुखत्यार आहे तो जबाबदारही आहे.

त्या मुखत्यारीचा वापर कसा होतो, हे वेदरिंगमध्येच दिसते. प्रत्यक्षात हे रणगाडे फार गंजत नसत. धुराडी उष्णतेने तांबडी होत, साखळपट्टे एका पावसात तपकिरी पडत. पण जाड पोलादावरच्या रंगाला पापुद्रे सुटावेत एवढे आयुष्य फार थोड्या टायगरांना लाभले. काही महिन्यांत ते जळाले, चिखलात रुतले, इंधन संपून आपल्याच चालकांच्या सुरुंगांनी उडविले गेले. प्रतिकृतीकार मात्र त्यांना वार्धक्य देतो. तो पत्र्यांवर सुरकुत्यांसारखे ओघळ आणतो, वाकलेल्या मडगार्डाला थकवा देतो, गंजातून एक खिन्न, उदास तेज निर्माण करतो. आणि पाहणाऱ्याच्या मनात त्या यंत्राविषयी अनुकंपा दाटून येते. रसशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे करुणाची निष्पत्ती होते, पण त्या करुणाचा आलंबनविभाव चुकतो. ज्यांच्यासाठी शोक व्हावयाचा ते चित्राच्या चौकटीत नाहीतच. शोकाचे आसन मारणाऱ्या यंत्राने बळकावले आहे. माझ्या मते या कलेतला दोष हिंसेचा नाही, हा आहे. आणि तो पिठाच्या कोंबड्यापेक्षा सूक्ष्म आहे, कारण तिथे राजाला आपण मारण्याचे नाटक करीत आहोत हे तरी ठाऊक होते.

फ्रान्समध्ये ओरादूर-सुर-ग्लान नावाचे खेडे आहे. ‘दास राइश’ या एसएस पँझर डिव्हिजनच्या एका रेजिमेंटमधील सैनिकांनी 10 जून 1944 रोजी तेथील पुरुषांना कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या, स्त्रिया व मुले यांना चर्चमध्ये कोंडून आग लावली. एकूण 643 माणसे मेली. युद्धानंतर नवे गाव शेजारी वसविले गेले आणि जळलेले गाव जसेच्या तसे राखण्याचे फ्रान्सने ठरविले. तिथे रस्त्याकडेला मोटारगाड्या गंजत उभ्या आहेत, घरांच्या भिंतींआड शिवणयंत्रे गंजत पडली आहेत. त्या डिव्हिजनच्या पँथरांच्या प्रतिकृती जगात किती झाल्या असतील त्याची गणती नाही, आणि त्यांच्या अंगावरचा गंज अप्रतिम असतो, हे मी आदराने म्हणतो. परंतु त्या शिवणयंत्रांवरचा गंज कोणी केसांच्या स्प्रेने आणलेला नाही. दोन्ही गंज एकाच इतिहासाचे. त्यांतला एकच सुंदर म्हणून आपण निवडला, याचे उत्तर आपणच दिले पाहिजे.

आणि हे उत्तर देण्यासाठी कलेबाहेर जावे लागत नाही, ते कलेच्या तपशिलातच दडलेले आहे. टायगरच्या तोफेच्या नळीवर पांढरी वलये रंगविलेली असत. पस्तिसाव्या हिश्शात ही नळी काही मिलिमीटर जाडीची; तिच्याभोवती केसाएवढ्या कुंचल्याने, हात टेकवून, वलय पूर्ण होईपर्यंत न थांबता रंग फिरवावा लागतो, आणि सांधा जुळला की समाधानाचा सुस्कारा आपोआप सुटतो. पण ते वलय म्हणजे उद्ध्वस्त केलेल्या एका रणगाड्याची नोंद. रशियन टी-34 मध्ये चार माणसे, अमेरिकन शर्मनमध्ये पाच; काही निसटली असतील, काही आतच जळाली असतील. हे मनात ठेवून ते वलय काढणाऱ्याचा हात अधिक थरथरेल, आणि थरथरावा.

तीच गोष्ट ‘झिमेरिट’ची. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून 1943 च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर 1944 पर्यंत चिलखतावर एक घट्ट लेप थापला जाई आणि ओला असतानाच त्यावर आडव्या रेघा उमटविल्या जात. पुटी लावून आणि पात्याने एकेक रेघ दाबून तो पृष्ठभाग साधणे हे या छंदातले अत्यंत चिकाटीचे काम. मूळचे कामही हातांचेच होते. आणि ते हात कोणाचे होते हे विचारले तर कासेलच्या कारखान्यात परदेशांतून आणून राबविलेले वेठीचे मजूर होते, आणि ऑस्ट्रियात सेंट व्हॅलेंटिन येथील ज्या निबेलुंगेनवेर्क कारखान्यात पँझर 4 हे रणगाडे बनत तेथे अखेरच्या काळात माउटहाउझेन छळछावणीचे कैदी जुंपलेले होते, असे सांगावे लागते. रेघेची खोली किती असावी यावर तासन्‌तास चर्चा करणाऱ्या माणसाला हा तपशील क्षुल्लक वाटू नये. अचूकता हेच ज्याचे व्रत आहे त्याला ती अचूकता रंगाच्या डबीपाशी थांबविता येणार नाही.

जर्मनीत स्वस्तिकचिन्ह प्रदर्शित करण्यास कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तेथे विकल्या जाणाऱ्या किटांच्या पेट्यांवरून व डेकलांवरून ते चिन्ह काढून टाकलेले असते. हा कायदा त्या देशाच्या इतिहासात योग्यच आहे. पण चिन्ह पुसल्याने स्मरण घडत नाही, उलट कधीकधी विस्मरणालाच सोय होते. प्रतिकृतीकाराकडून मला पुसण्याची अपेक्षा नाही. त्याने टायगर करू नये, पँथर करू नये, असेही मी म्हणणार नाही. ज्या वस्तूंनी मनुष्याचे एवढे अनिष्ट केले त्यांच्याकडे निरखून पाहण्याची सवय सुटली तर ते अनिष्टच अधिक होईल. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात इतर देशांच्या गाड्यांमध्ये एक जर्मन चिलखती गाडीही आहे. शाळांच्या सहली तेथे येतात, मुले त्या पोलादाला हात लावून पाहतात. ती गाडी तेथे असावीच.

मागणे एवढेच आहे. प्रदर्शनात प्रत्येक प्रतिकृतीपुढे एक चिठ्ठी ठेवण्याचा प्रघात आहे. तीत रणगाड्याचे नाव, पलटण, स्थळ, साल आणि वापरलेले रंग यांची बारनिशी असते. तिच्यात आणखी दोन ओळी लिहाव्यात: हा रणगाडा कोणाच्या हातांनी बनला, आणि त्या पलटणीने त्या स्थळी, त्या साली काय केले. ज्याने वर्षभर खपून चिखलाचा रंग शोधून काढला, त्याला हे शोधून काढणे कठीण नाही. पुढच्या प्रदर्शनापासून हे सुरू करावे, आणि परीक्षकांनी त्या दोन ओळींनाही गुण द्यावेत.