शून्याजवळची पट्टी

दुसऱ्याचे बोलणे ऐकताना आपण नेमके कोणाचे ऐकत असतो? प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटेल. समोर बोलणारा दुसरा आहे, तेव्हा आपण ऐकतो ते त्याचेच, असे कोणीही म्हणेल. परंतु ज्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे माणसांची गाऱ्हाणी ऐकण्यात गेली, त्यांना या उत्तराने समाधान वाटत नाही. आम्हांलाही ते वाटेनासे झाले, त्याला एक जुना प्रसंग कारण आहे. तो पुढे सांगू. त्याआधी वाचकांना थोडे आकाशाकडे न्यावयाचे आहे. कारण या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर आम्हांला रेडिओ लहरींचा वेध घेणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांच्या कामात सापडले.

आकाश केवळ प्रकाशते असे नाही, ते रेडिओ लहरीही पाठवीत असते. 1930च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील कार्ल जान्स्की या अभियंत्याने 20.5 मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर आकाशगंगेकडून येणारा खरखराट प्रथम ओळखला. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात सापडून गिरक्या घेतात आणि त्यांतून या लहरी निघतात, हे पुढे उमगले. या लहरींचा एक विशेष आहे. दोरीचे एक टोक खुंटीला बांधून दुसरे टोक वरखाली हलवले तर दोरीतून उभी लाट जाते. आडवे हलवले तर आडवी जाते. त्याचप्रमाणे या रेडिओ लहरींनाही कंपनाची एक ठरावीक दिशा असते. यालाच ध्रुवण म्हणतात. ही दिशा कळली की लहर जेथे जन्मली तेथील चुंबकीय क्षेत्राचा रोख कळतो. आकाशगंगेच्या लहरींतील असे ध्रुवण 1962 साली हॉलंड आणि इंग्लंड येथील शास्त्रज्ञांनी 408 मेगाहर्ट्झवर निश्चितपणे दाखवून दिले.

आज त्याहूनही कमी वारंवारतेवर, म्हणजे अधिक लांब लहरींवर, आकाशाची पाहणी चालते. आपल्या पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची दुर्बीण अनेकांनी पाहिली असेल. तिने 150 मेगाहर्ट्झवर आकाशाच्या फार मोठ्या भागाची पाहणी केली; मात्र त्या नकाशात लहरींची तीव्रता टिपलेली आहे. ध्रुवणाची पाहणी विशेषतः दोन ठिकाणी झाली. एक, हॉलंडमधील एक्स्लो गावाजवळ केंद्र असलेली आणि युरोपातील अनेक देशांत पसरलेली ‘लोफार’ दुर्बीण. राणी बिआट्रिक्स यांच्या हस्ते तिचे उद्घाटन 2010 साली झाले. दुसरी, पश्चिम ऑस्ट्रेलियातील वजारी लोकांच्या भूमीवरील मर्चिसन येथील दुर्बीण. तिच्या उभारणीत बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचाही सहभाग होता. या दुर्बिणींना फिरत्या तबकड्या नाहीत. माळरानावर रोवलेले साधे, निश्चल अँटेना. आकाश त्यांच्यावरून सरकत जाते आणि ते ऐकत राहतात.

आता अडचण पाहा. लहर जन्मली त्या दिशेने ती आपल्यापर्यंत पोहोचत नाही. मायकेल फॅरेडे यांनी 1845 साली एका जड काचेतून प्रकाश पाठवून दाखवले, की चुंबकाच्या प्रभावाखाली प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळते. ताऱ्यांमधील विरळ, विद्युतभारित वायूतून येताना रेडिओ लहरींचेही असेच होते. लहर जितकी लांब तितकी ती अधिक वळते, आणि तेही तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. जो वायू 21 सेंटिमीटर लांबीच्या लहरीला सुमारे 26 अंश वळवील, तोच वायू दोन मीटरहून किंचित लांब लहरीला सुमारे 2480 अंश, म्हणजे जवळजवळ सात पूर्ण फेरे, फिरवील. एकाच वारंवारतेवर ऐकणाऱ्यापुढे लहर येते ती सात फेरे घेऊन. पण त्याला ती थोडीशीच कललेली दिसते. फेरे किती झाले, हे त्याला कधीच कळणार नाही. म्हणून लोफारच्या पाहणीत 120 ते 168 मेगाहर्ट्झ हा पट्टा 480 भागांत विभागून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे ऐकला जातो. एका भागाकडून दुसऱ्याकडे जाताना दिशा कशी बदलते यावरून वाटेत किती वळण पडले, ते ठरवतात. मगच मूळ दिशेविषयी बोलतात.

एवढे करूनही बहुतेक आकाश या बाबतीत मूकच राहते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या लोफारच्या यादीत सुमारे 44 लाख रेडिओ स्रोत आहेत. 2023 साली जवळपास त्याच आकाशातून ज्यांचे ध्रुवण खात्रीने मोजता आले असे दूरचे स्रोत निघाले अवघे 2461. सुमारे अकरा पूर्णचंद्र मावतील एवढ्या आकाशात एक! काही स्रोत मुळातच मंद असतात, हे एक कारण. दुसरे कारण अधिक विचार करायला लावणारे आहे. स्रोताच्या एका भागातून आलेली लहर एका दिशेला वळते, शेजारच्या भागातली दुसऱ्या दिशेला. दुर्बिणीने दोन्ही एकाच घासात घेतल्या की त्या एकमेकींना पुसून टाकतात. नोंद होते, ‘काही नाही.’ वास्तविक तेथे पुष्कळ काही असते. घराण्याविषयी, वस्तीविषयी किंवा जातीविषयी आपण घाऊक बोलतो, तेव्हा हेच घडते. एकेका माणसाची दिशा पुसली जाते आणि उरलेल्या शून्यालाच आपण त्यांचा स्वभाव म्हणतो.

परंतु वाटेतील वळणापेक्षाही मोठा धोका घरातच असतो. लहरीची दिशा मोजण्यासाठी प्रत्येक ठिकाणी दोन अँटेना एकमेकांशी काटकोनात ठेवतात. स्रोत तिरकस असला की दोघांना तो सारख्या जोराने ऐकू येत नाही. मग ज्या लहरीला कोणतीच दिशा नाही, तिलाही दिशा असल्याचा भास होतो. ही दिशा आकाशाची नव्हे, यंत्राची. शास्त्रज्ञ तिला गळती म्हणतात. विश्वातील पहिल्या ताऱ्यांच्या काळचा हायड्रोजनचा अत्यंत क्षीण संकेत शोधणाऱ्यांना या गळतीची फार धास्ती असते. स्वतःच्याच यंत्राच्या दोषाला ते विश्वाची पहाट समजून बसतील.

मग खरे आणि खोटे ओळखावे कसे? येथे एक सुंदर गोष्ट आहे. जी लहर दुरून आली ती वाटेत वळलेली असते. जी यंत्रातच उत्पन्न झाली तिने प्रवास केलेलाच नसतो. तिच्यावर वळणाची खूण नसते. सर्व स्रोत वळणाच्या मापाप्रमाणे मांडले तर खोटे संकेत शून्याजवळ गोळा होतात. पृथ्वीभोवतीच्या आयनांबरामुळे पडणाऱ्या वळणाची दुरुस्ती केली की ते शून्यापासून किंचित सरकतात, एवढेच. म्हणून यादी करताना शून्याभोवतीची एक अरुंद पट्टी सरळ सोडून दिली जाते. त्या पट्टीत काही खरे स्रोतही असतील, हे त्यांना ठाऊक असते. तरीही ते सोडतात; कारण तेथे दुसऱ्याचा आवाज आणि आपला दोष यांत त्यांना फरक करता येत नाही.

हे वाचले आणि आम्हांला तो जुना प्रसंग आठवला. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही किनाऱ्यालगतच्या एका धर्मग्रामात होतो. एका संध्याकाळी एक तरुण ओसरीवर येऊन बसला. थोरल्या भावाने वाडीतली झाडे विकली, पैशांचा हिशेब दिला नाही, आपला वाटा बुडवला, असे त्याचे गाऱ्हाणे होते. तो रडला. आम्ही त्याच्यावर तत्काळ विश्वास ठेवला. दुसऱ्या बाजूला विचारण्याची गरजही आम्हांला भासली नाही. पुढच्या रविवारी चार लोकांदेखत आम्ही थोरल्याला खडसावले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. काही महिन्यांनी कळले, की आईच्या आजारपणाचे कर्ज त्याने एकट्याने फेडले होते; धाकट्याच्या डोक्यावर ओझे नको म्हणून ते कोणाला सांगितले नव्हते. धाकटा खोटे बोलला नव्हता. त्याला जेवढे दिसले तेवढे त्याने सांगितले. आम्ही थोरल्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तो एवढेच म्हणाला, “फादर, तुम्ही मला एकदा विचारायचं होतं.” त्यानंतर तो बैठकीला कधी आला नाही.

आम्ही इतक्या सहज विश्वास का ठेवला? उत्तर द्यायला लाज वाटते, पण ते दिले पाहिजे. आमच्या वडिलांचा वाटा त्यांच्या थोरल्या भावाने बुडवला होता. बालपणी रात्री दिव्याखाली आईचे हुंदके आम्ही ऐकले होते. त्या संध्याकाळी ओसरीवर आम्ही ऐकले ते त्या तरुणाचे नव्हते. आमच्याच घरातले जुने रडणे होते. ते इतक्या जवळचे होते, की त्याच्यावर प्रवासाची एकही खूण नव्हती. नेमके म्हणूनच ते आम्हांला शंभर टक्के खरे वाटले. जे ऐकताक्षणी पटते, ज्याला कसलेही वळण घेऊन आपल्यापर्यंत यावे लागत नाही, त्याचाच संशय अधिक धरावा, हे तेव्हा आम्हांला कोणी शिकवले नव्हते.

कोणी म्हणेल, अशा भीतीने माणूस निवाडाच करणार नाही. पिता, शिक्षक, पंच यांना गप्प बसून कसे चालेल? आणि धाकट्याचे गाऱ्हाणे पूर्णपणे खरे असते तर? आक्षेप रास्त आहे. अन्याय झालेल्याला ‘आमचे कान सदोष आहेत’ असे सांगून परत पाठवणे, हाही अन्यायच. परंतु शास्त्रज्ञांनी काय केले ते पुन्हा पाहावे. त्यांनी ऐकणे थांबवले नाही. पट्टीत काहीच नाही, असेही ते म्हणत नाहीत. ‘या जागेपुरते आमच्या यंत्राने बोलू नये,’ एवढेच ते म्हणतात, आणि ती जागा दुसऱ्या यंत्रासाठी मोकळी ठेवतात. आम्हीही त्या तरुणाचे सारे ऐकून घेऊन, थोरल्याकडे दुसऱ्या कोणाला तरी पाठवू शकलो असतो. जिची शेतजमीन कधी वाटली गेली नाही, अशी एखादी वडीलधारी व्यक्ती गावात नक्कीच होती.

प्रत्येकाच्या मनात शून्याजवळची अशी एक पट्टी असते. कोणाची ती भावाविषयी, कोणाची सुनेविषयी, कोणाची दारूविषयी, कोणाची परधर्मीयांविषयी. ती कोठे आहे हे ठाऊक असणे, आणि तेथला निवाडा दुसऱ्याच्या कानांवर सोपवणे, हे दुबळेपण नव्हे. कोण्या निरपराध थोरल्याची मान त्यामुळे चार लोकांदेखत खाली जाणार नाही.