रक्ताची साक्ष

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात आमच्या एका विद्वान मित्रांनी ठासून लिहिलं, की निखळ गुणवत्तेला जगात आता एकच जागा उरली आहे आणि ती म्हणजे क्रीडांगण. तिथे वशिला चालत नाही, जात चालत नाही, रडगाणं चालत नाही. आकडा बोलतो, बाकीचे ऐकतात. कुस्तीगीर विनेश फोगटच्या वजनातल्या जादा शंभर ग्रॅमसाठी हळहळणाऱ्या आपल्या समाजाची त्यांनी यथेच्छ टिंगल केली. लेखाचा खरा रोख आरक्षणावर होता हे सांगायला नकोच. त्या विषयावर आमचं भांडण जुनं आहे आणि ते चालू राहील. आज मात्र त्यांनी निवडलेल्या आखाड्यातच उतरायचा विचार आहे, आणि त्यासाठी त्यांना सगळ्यांत सोयीचा खेळ मी स्वतःहून त्यांच्या हाती देतो: बर्फावरचं स्पीड स्केटिंग.

चारशे मीटरची बर्फाची धावपट्टी. एका वेळी दोघी सुटतात, फेरीगणिक मार्गिका बदलतात आणि खरं तर एकमेकींशी नाही, घड्याळाशी झुंजतात. नृत्याच्या स्केटिंगसारखं इथे कुणी गुण देत नाही. १९९८ साली नागानोत पाच हजार मीटरच्या शर्यतीत दोन जर्मन बायका सात मिनिटांच्या आत आल्या. गुंडा नीमान यांची वेळ ६:५९.६५, क्लाउडिया पेखश्टाइन यांची ६:५९.६१. साडेबारा फेऱ्या आणि फरक चार शतांश सेकंदांचा. सुवर्णपदक पेखश्टाइनना. मित्रवर्य इथे टाळ्या वाजवतील. मीही वाजवतो.

पूर्व बर्लिनमध्ये १९७२ साली जन्मलेल्या या बाईंनी १९९२च्या कांस्यपदकापासून २००६पर्यंत पाच ऑलिम्पिकमध्ये नऊ पदकं मिळवली, त्यांतली पाच सोन्याची. पाच हजार मीटर तर लागोपाठ तीनदा. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत तीन हजार आणि पाच हजार, दोन्ही शर्यती जागतिक विक्रमासह. सहकारी आनी फ्रीझिंगर यांच्याशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं आणि जर्मन वृत्तपत्रांनी त्यावर वर्षानुवर्षं पानं भरली. तरी २००६ साली तोरिनोत सांघिक सुवर्ण मिळालं तेव्हा दोघी एकाच चमूत होत्या. इथवर आकड्याचं राज्य सुखाने चाललेलं आहे.

फेब्रुवारी २००९, नॉर्वेतलं हामार, जागतिक स्पर्धा. पेखश्टाइन यांच्या रक्तात रेटिक्युलोसाइट्सचं, म्हणजे अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघालं. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची कमाल मर्यादा होती २.४. बंदी असलेलं कोणतंही द्रव्य सापडलं नाही. तरीही संघटनेने दोन वर्षांची बंदी घातली आणि लोझानच्या क्रीडा लवादाने नोव्हेंबरमध्ये ती कायम केली. युक्तिवाद सरळ होता: इतक्या कोवळ्या पेशी आपोआप येत नाहीत, आजाराचा पुरावा पटण्याजोगा नाही, म्हणजे रक्ताशी खेळ झालेला आहे. व्हँकुव्हरचं ऑलिम्पिक हुकलं.

‘म्हणजे’ हा शब्द तिथे किती भार वाहतो ते पाहावं. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ एल. जोनाथन कोहेन यांनी १९७७च्या आपल्या पुस्तकात एक कोडं घातलं होतं, आणि ते मला अजून सोडत नाही. त्यांचा प्रसंग रोडिओचा. आपण तमाशाचा तंबू धरू. आत हजार प्रेक्षक, तिकिटं खपली चारशे नव्याण्णव. कुणालाही हात धरून उभं करा, तो फुकट्या असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. दिवाणी न्यायाला निम्म्याहून थोडं जास्त पुरतं. मग मालकाने त्याच्याकडून पैसे वसूल करावेत का? आणि एकाकडून करायचे, तर त्याच हिशेबाने हजारांकडून का नकोत? तिकीट काढलेल्या चारशे नव्याण्णव जणांकडूनसुद्धा? गणितात चूक नाही, तरी आपल्याला हे मान्य होत नाही. टक्केवारी गर्दीबद्दल काही सांगते; उभ्या केलेल्या त्या एका माणसाने काय केलं, याबद्दल तिच्यापाशी एक अक्षरही नसतं. त्यासाठी त्याला कुंपणावरून उडी मारताना पाहिलेला कुणीतरी लागतो. शक्यता निम्म्याच्या किंचित वरून पंच्याण्णव टक्क्यांवर नेली तर कोडं सुटतं का? कोहेन यांचं उत्तर नाही असं आहे, आणि मला ते पटतं. अन्याय होणाऱ्यांची संख्या घटते, अन्यायाची जात तीच राहते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सारडा विरुद्ध महाराष्ट्र शासन या १९८४च्या निकालात परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या आणि त्यांना पंचशील म्हटलं. त्यांतली एक अशी, की आरोपी निर्दोष असल्याची प्रत्येक वाजवी शक्यता पुराव्याने मोडीत निघाली पाहिजे. क्रीडा लवादाला एवढं लागत नाही. त्याला ‘पुरेसं समाधान’ झालं की पुरतं. दिवाणी कसोटीहून कडक, फौजदारीहून सैल. २०१० साली जर्मन रक्तविकारतज्ज्ञांनी सांगितलं, की बाईंना तांबड्या पेशींचा सौम्य आनुवंशिक दोष आहे, वडिलांकडून आलेला. पेशी ठिसूळ, लवकर फुटतात, म्हणून मज्जा सतत नव्या पाठवत राहते. पंचशीलाची वाजवी शक्यता ती हीच. २०१५ साली जर्मन ऑलिम्पिक संघटनेच्या तज्ज्ञांनी हेच मत दिलं आणि संघटनेच्या अध्यक्षांनी बाईंची जाहीर माफी मागितली.

मित्र म्हणतील, अशाने उत्तेजकवाले कधीच सापडायचे नाहीत. रसायन नेहमी प्रयोगशाळेच्या दोन पावलं पुढे असतं. आक्षेप खरा आहे. पण लान्स आर्मस्ट्राँग आठवा. शेकडो चाचण्यांच्या आकड्यांनी त्याला वर्षानुवर्षं मोकळं सोडलं. २०१२ साली तो पडला तो प्रामुख्याने सोबत सायकली मारलेल्या माणसांच्या शपथेवरच्या जबान्यांनी. कुंपणावरची उडी पाहणारे लोक तिथे होते.

इथपर्यंत लिहून झालं आणि माझ्याच युक्तिवादातली एक गोष्ट मला टोचू लागली. मी बाईंना सोडवत होतो तो कशाच्या जोरावर? वडिलांच्या रक्ताच्या. फिर्यादी पक्ष त्यांच्या नसेतून गुन्हा काढतो आणि बचाव पक्ष त्याच नसेतून निर्दोषत्व. दोघांनाही बाई नुसत्या नळीत हव्या आहेत. शिवाय हामारनंतर दहाएक दिवसांत तेच प्रमाण दीड टक्क्याच्या खाली आलं होतं. आनुवंशिक दोष असा झपाट्याने खाली-वर होतो का, यावर तज्ज्ञांत दुमत राहिलं. उद्या एखादी नवी तपासणी उलट बोलली तर माझी सहानुभूती मी परत घेणार आहे का? तशी बाईंबद्दल मला माया नाही. २०२३ साली उजव्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या व्यासपीठावर पोलिसी गणवेशात उभ्या राहून, आश्रय नाकारलेल्यांना देशाबाहेर धाडण्याबद्दल त्या जे बोलल्या ते ऐकून मला त्यांचं एकही पदक आठवावंसं वाटलं नाही.

म्हणून त्या निर्दोष होत्या हा दावा मी इथे सोडून देतो. निकाल कुठल्या खोलीत झाला, हे मात्र सोडत नाही. त्यांनी लोझानमध्ये खुल्या सुनावणीची मागणी केली होती, ती नाकारली गेली. लवादाचा करार त्यांनी सही करून स्वीकारला होता असं २०१६ साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्यांना ऐकवलं. सही खरी, पण पर्याय काय होता? सही करा नाहीतर स्केट्स खुंटीला टांगा. २ ऑक्टोबर २०१८ रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने असा करार सक्तीचाच मानला, खुली सुनावणी नाकारणं हा हक्कभंग ठरवला आणि आठ हजार युरो भरपाई दिली. एवढ्या रकमेत बर्लिनमधल्या बऱ्यापैकी वकिलाची किती पत्रं येतात कुणास ठाऊक. २०२२ साली जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने दिवाणी न्यायालयाचा तो निकाल रद्द करून त्यांचा नुकसानभरपाईचा दावा पुन्हा जिवंत केला. त्याच वर्षी बीजिंगमध्ये, पन्नाशीला अडीच आठवडे उरलेले असताना, त्या आठव्या ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर धावल्या आणि वीस जणींत विसाव्या आल्या. त्या आकड्यावर कुणी वाद घातला नाही, बाईंनीही नाही. वेळ मोजताना सगळे हजर होते.

हाच लवाद आपल्याकडेही येऊन गेला आहे. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवला २०१६ साली रिओत, कुस्तीच्या तोंडावर, त्याने चार वर्षांसाठी बाद केलं. आपल्या देशातल्या उत्तेजकविरोधी समितीने त्याला आधी निर्दोष सोडलं होतं. त्याने काय खाल्लं, कुणी घातलं, मला ठाऊक नाही आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. त्या शंभर ग्रॅमविरुद्धचा विनेशचा अर्जही याच लवादाने फेटाळला.

स्ट्रासबर्गने एका बाबतीत मात्र पेखश्टाइनना नकार दिला. लवाद स्वतंत्र नाही हे त्यांचं म्हणणं बहुमताला पटलं नाही. लवादातल्या पंचांची यादी ठरवणारं मंडळ तेव्हा वीस जणांचं होतं. त्यांतले बारा थेट क्रीडासंघटनांनी नेमायचे आणि उरलेले आठ या बारा जणांच्या पुढाकाराने यायचे. खेळाडू संघटनेविरुद्ध दाद मागायला जातो तो या मंडळाच्या यादीतल्या माणसांपुढे. सातपैकी पाच न्यायाधीशांना एवढं स्वातंत्र्य पुरेसं वाटलं. दोघांना वाटलं नाही आणि त्यांनी आपलं भिन्नमत सविस्तर लिहून ठेवलं. मित्रवर्यांनी पुढच्या लेखाआधी ते वाचावं. मी त्या दोघांच्या बाजूचा आहे.