आधार घेणं म्हणजे कमीपणा नव्हे

॥ श्रीगुरवे नमः ॥



या आठवड्याच्या चिंतनाचा विषय आहे आसनं. कारणही तसंच आहे. आमच्या बेळगावच्या गुरुवारच्या नामजपाला वयस्कर मंडळी हल्ली कमी दिसतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "खाली बसवत नाही गं, आणि खुर्चीवर बसून देवाचं नाव घेणं बरं दिसत नाही." गुडघ्यांपायी सत्संग सुटावा, हे आम्हा सेवेकरी बहिणींच्या मनाला फार लागतं.

पतंजली मुनींनी योगाची आठ अंगं सांगितली, त्यात आसन तिसरं. आसनाची त्यांची खूण अगदी साधी आहे: जे स्थिर आहे आणि सुखाचं आहे, ते आसन. जमिनीवरच बसा अशी अट त्यात नाही. दुखणारे गुडघे आवळून बसलो तर जप नामाचा होत नाही, गुडघ्यांचाच होतो!

ही खूण आयुष्यभर जगून दाखवणारे योगाचार्य म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. १९१८ साली कर्नाटकातल्या बेळ्ळूर गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशी एकामागून एक दुखणी झाली. १९३४ मध्ये ते म्हैसूरला बहिणीचे यजमान टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे राहायला गेले. तेच त्यांचे गुरू. पहिल्यांदा पुढे वाकले तेव्हा हात जेमतेम गुडघ्यापर्यंत पोचले होते. आपल्या बेळगावचाही यात वाटा आहे बरं का. इथले सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांनी पुढाकार घेतला आणि १९३७ मध्ये हा कोवळा तरुण पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला गेला. तेव्हा त्यांना मराठी येत नव्हतं. पुढे पुणेच त्यांचं घर झालं. १९६६ मध्ये त्यांचा योगावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला आणि जगभर पोचला. पत्नी रमामणी यांच्या नावाने पुण्यात १९७५ मध्ये संस्था उभी राहिली.

त्यांच्या शिकवण्यातली मोठी गोष्ट म्हणजे आधार. सुरुवातीला विटा, काठ्या. पुढे पट्टे, दोर, खुर्च्या, लोड. हात जमिनीला पोचत नाही? मग विटेवर ठेवा. पाठ ताठ राहत नाही? घडी घातलेल्या घोंगडीवर बसा. आसन माणसाजवळ आणायचं, माणसाला ओढून आसनात कोंबायचं नाही. मात्र आधार घेतला म्हणून ढिलाई चालत नसे. पायाच्या बोटापर्यंत लक्ष हवं, असा त्यांचा आग्रह असे.

१९७९ मध्ये, साठी उलटलेली असताना, स्कूटरच्या अपघातात त्यांना मोठी दुखापत झाली. एवढ्या मोठ्या आचार्यांना पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली, आणि त्यांनी ती केली. २०१४ मध्ये ९५ व्या वर्षी देह ठेवला, तोवर साधना चालूच होती.

त्यांच्या पद्धतीला धरून घरी करता येतील अशी काही आसनं:

१) *ताडासन* – भिंतीला पाठ लावून उभं राहा. दोन्ही पावलांवर सारखा भार, गुडघे ताठ, छाती मोकळी. उभं कसं राहायचं हे आधी शिकायचं.

२) *त्रिकोणासन* – भिंतीलगत पाय फाकवून उभं राहा. ज्या बाजूला वाकायचं ते पाऊल बाहेर वळवा. खालचा हात विटेवर किंवा स्टुलावर टेकवा. मग दुसरी बाजू.

३) *अर्ध उत्तानासन* – स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून मागे सरा आणि कंबरेतून वाका, पाठ पाटासारखी सपाट. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये होतं!

४) *बद्धकोनासन* – घोंगडीच्या घडीवर, भिंतीला टेकून बसा. तळवे जुळवा. गुडघे खाली जात नसतील तर त्यांच्याखाली उशा घ्या.

५) *विपरीत करणी* – भिंतीशी लोड ठेवून त्यावर कंबर टेकवा, पाय भिंतीवर सरळ वर. दिवसभर उभं राहणाऱ्या बायकांनी हे जरूर करावं, फक्त पाळीच्या दिवसांत नको.

६) *शवासन* – शेवटी पाच-दहा मिनिटं. पाठ दुखत असेल तर पोटऱ्या खुर्चीवर ठेवा. दिसायला सोपं, पण निश्चल पडून राहणं फार अवघड, असं अय्यंगार गुरुजी मानत.

सगळं रिकाम्या पोटी करावं, श्वास कोंडू नये. रक्तदाब, काचबिंदू, पाठीच्या मणक्याचा त्रास किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि जाणत्या शिक्षकासमोरच करा. वाचून लगेच सुरू करू नका.

आता मूळ मुद्दा. आपण गुरूंना शरण जातो म्हणजे काय करतो? आपल्याच्याने एकट्याने होत नाही, हे मान्य करून आधारच घेतो ना? मनाला गुरूंचा आधार चालतो, मग गुडघ्याला खुर्चीचा का चालू नये? लाज वाटते ती अहंकाराला, भक्तीला नाही. देह हे परमार्थाचं साधन आहे. त्याला छळू नये, लाडावूनही ठेवू नये, वापरण्याजोगा ठेवावा.

तेव्हा एक विनंती. हे चिंतन घरातल्या आजी-आजोबांना वाचून दाखवा. येत्या गुरुवारी त्यांना सोबत घेऊन या. सभागृहात पहिल्या रांगेत खुर्च्या मांडून ठेवतो आहोत, मागे कोपऱ्यात नाही. आणि तरुण मंडळींनो, तुम्ही आजच ताडासनापासून सुरुवात करा.

सर्वांचे देह निरोगी राहोत आणि नामात रंगोत, हीच गुरुचरणी प्रार्थना.

जय गुरुदेव 🙏
– आपल्या सेवेकरी भगिनी, बेळगाव