गमल्यातलं संत्रं आणि ताण



मागच्या पौर्णिमेला सत्संगानंतर प्रसाद वाटताना एका ताईंनी विचारलं, "तुमच्या गच्चीवरच्या गमल्यात संत्री लागली म्हणे, काय घातलंत हो?" आम्ही "शेणखत, दुसरं काय" असं म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर मोठं होतं आणि जरा अवघडही. ते आज ग्रुपवर लिहीत आहोत.

आधी झाडाचं सांगू. संत्र्याचा मुलूख म्हणजे नागपूर, वरुड, मोर्शी; आपल्या मध्य प्रदेशात पांढुर्णा-सौंसर, आणि इकडे आगर-माळवा. मनावर पडलं निमाडात. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो आणि गच्ची तव्यासारखी तापते. तरी हौस म्हणून साडेचार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात नागपुरी संत्र्याचं कलम आणलं. १८ इंची गमला, तळाला भोकं, त्यांवर खापराचे तुकडे, मग माती, कुजलेलं शेणखत, थोडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड. कलमाचा जोड मातीच्या चांगला वर ठेवायचा, तो पुरला तर बुंधा सडतो. जोडाखालून फुटलेली फांदी लगेच काढायची. ती दिसायला भारी जोमदार असते, पण ती संत्र्याची नसते, खालच्या जंबेरीची असते. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधली. आणखी एक, कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर ती फुलपाखराची अळी असते, मोठी झाली की हिरवी होते. आमच्या सासूबाई ती मारू देत नाहीत, चिमट्याने उचलून मागच्या लिंबावर नेऊन सोडतात. लिंबाचं काय, असं विचारलं की म्हणतात, तो मोठा आहे, सोसेल.

सासूबाईंचं हे वाक्य तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं होतं.

पहिली दोन वर्षं आलेली फुलं खुडून टाकली. लहान झाडावर फळ धरलं की झाड खुरटतं. तिसऱ्या हिवाळ्यात वाटलं, आता बहार घेऊ. आमच्या वहिनींचं माहेर वरुडकडचं, त्यांच्या मामांची संत्र्याची बाग आहे. त्यांनी फोनवर सांगितलं, "ताण द्या. डिसेंबरात पाणी तोडा, दीड-दोन महिने. मग बघा अंबिया कसा फुटतो." हे खरंच आहे. पाणी तोडलं की झाडाची वाढ थांबते, पानांनी केलेलं अन्न फांद्यांत साठतं, आणि पुन्हा पाणी मिळालं की डोळ्यांतून पालवीसोबत फुलं बाहेर पडतात. पंजाबात किन्नूला हे काम कडाक्याची थंडी करते, आपल्याकडे ते शेतकऱ्याला पाणी तोडून करावं लागतं.

आम्ही पाणी तोडलं. नवव्या दिवशी पानं वळली, बाराव्या दिवशी गळायला लागली. मामांना फोन केला तर ते म्हणाले, "अहो, आमची काळी जमीन, खाली चार हात ओल असते! हलक्या जमिनीत आम्हीसुद्धा महिना-सव्वा महिन्यावर जात नाही. गमल्यात दोन महिने? कुणी सांगितलं?" त्यांनीच सांगितलं होतं, पण असो. विचारणं आमचं काम होतं.

त्याच हिवाळ्यात आमचा धाकटा इंदूरला होता, परीक्षेच्या क्लाससाठी, बारावीनंतर एक वर्ष थांबून. आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं की त्याचं मन भरकटू द्यायचं नाही. दिवाळीला दोनच दिवस घरी आणलं. फोन फक्त रविवारी. त्याने एकदा रात्री फोन करून "मला घरी यायचंय" एवढंच म्हटलं, तेव्हा आम्ही त्याला हेच झाडाचं उदाहरण दिलं. ताणाशिवाय फळ नाही, बाळा. आणि मनात समाधान वाटलं की किती छान समजावलं! सत्संगात तपाबद्दल, सोसण्याबद्दल जे ऐकतो ते आपण घरी लावतो आहोत असंही वाटलं.

जानेवारीत त्याचे बाबा जाऊन त्याला घेऊन आले. आठ किलो वजन उतरलं होतं. आल्यावर तीन-चार महिने आमच्याशी कामापुरतंच बोलायचा.

आता प्रश्न असा, की ताण देणं चूकच आहे का? तसंही आम्हाला म्हणता येत नाही. शेजारच्या गमल्यात मोसंबी होती. तिला सासूबाई मायेपोटी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालायच्या. खालची ताटली कायम भरलेली. पानं काळीशार, फूल एक नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात मुळं सडून गेली. लाडानेही झाड जातं. घरातही असं आपण पाहिलेलं आहे, नावं घ्यायला नकोत.

पण एकादशी आठवा. घरातली मोठी माणसं उपास धरतात, आणि लहान मुलाला, आजाऱ्याला, बाळंतिणीला कुणी उपाशी ठेवत नाही. उपास स्वतः धरायचा असतो. दुसऱ्याला जबरदस्तीने घडवला तर त्याला उपास कोण म्हणेल? ती नुसती उपासमार. आम्ही मुलाला जे दिलं ते तप नव्हतं, कारण ते त्याने धरलेलंच नव्हतं. आणि झाड तर बिचारं कधीच काही धरत नाही. झाडाला फळ हवंच असतं असंही नाही, म्हणजे आपल्याला हवं तेव्हा आणि हवं तितकं. बागवाला ताण देतो तो बाजाराच्या हिशोबाने. यात पाप आहे असं आम्ही म्हणत नाही, पण "तुझ्याच भल्यासाठी" हे शब्द त्यात बसत नाहीत. त्या रात्री फोनवर आम्ही नेमके तेच शब्द वापरले होते. मुलगा डॉक्टर व्हावा हे कुणाला हवं होतं, हे आम्ही एकमेकांना फार उशिरा विचारलं.

फळाच्या अपेक्षेबद्दल गीतेत जे आहे ते आपण सगळे ऐकतो. आम्ही ते स्वतःपुरतं ऐकलं होतं, की आपल्या कर्माच्या फळात गुंतू नये. दुसऱ्याच्या फांदीवरच्या फळात आपण किती गुंतलेलो असतो, तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

बरं, बागवाला आणि आमच्यात आणखी एक फरक होता. मामा ताण देतात तेव्हा रोज बागेत फिरतात. पानं किती मलूल झाली ते बघतात. पाणी कोणत्या आठवड्यात सोडायचं ते आधी ठरलेलं असतं. तेही एकदम नाही, आधी हलकं आंबवणीचं पाणी, मग चिंबवणी, मग पोटभर. आमच्या ताणाला तारीखच नव्हती. "निकाल लागेपर्यंत" ही काही तारीख नव्हे.

झाडाला आम्ही लगेच पाणी दिलं, थोडं थोडं. त्या वर्षी फळ नाही, पण फेब्रुवारीत पालवी आली. मुलाची माफी मागायला जास्त दिवस लागले. मागितली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे." आम्ही त्यावर आणखी बोलायला गेलो तर उठून गच्चीवर गेला. तिथे काय केलं माहीत नाही, पण त्या दिवसापासून गमल्याला पाणी घालायचं काम त्याने घेतलं.

आता तो इथेच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या हिवाळ्यात त्याने आपल्या पद्धतीने ताण दिला. पाणी पूर्ण तोडलं नाही, निम्मं केलं, दुपारी पान मलूल दिसलं की संध्याकाळी एक तांब्या. फेब्रुवारीत फुलं आली. फळं बरीच लागली, काही आपोआप गळली, काही त्याने काढली, शेवटी नऊ ठेवली. नोव्हेंबरअखेर ती तयार झाली. साल जरा हिरवट राहिली, पण गोड होती. पहिलं त्याने आजीला दिलं. आम्हाला तिसरं मिळालं.

यंदाचा ताण सोमवारपासून सुरू झाला आहे. गमल्यावर त्याने खडूने पाणी सोडायची तारीख लिहून ठेवली आहे.