लग्न कुणामुळे अडते?

१८९७ साली फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. विषय मुद्दाम निवडलेला होता. माणसाची याहून खासगी कृती दुसरी नाही. तीही समाजाच्या हिशेबात बसते हे दाखवले, तर बाकीच्या कृतींबद्दल वादच उरत नाही. दुर्खीम यांनी युरोपातल्या देशोदेशींचे आकडे मांडले. आत्महत्यांचे प्रमाण प्रोटेस्टंटांत कॅथलिकांपेक्षा जास्त, अविवाहितांत मुलाबाळांच्या माणसांपेक्षा जास्त. मरणारी माणसे दरवर्षी वेगळी, पण त्या त्या देशाचे प्रमाण जवळपास तेच. म्हणजे समाज ही व्यक्तींची नुसती बेरीज नव्हे. तो व्यक्तीच्या बाहेर असतो आणि तिच्यावर दाब टाकतो, असा त्यांचा निष्कर्ष.

गॅब्रिएल तार्द यांना तो मुळीच मान्य नव्हता. तार्द न्यायखात्यात सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते आणि दुर्खीम यांना आत्महत्यांची कागदपत्रे त्यांच्याच कार्यालयातून मिळाली होती. माणसे वजा केली तर समाज म्हणून शिल्लक काय राहते, असा तार्द यांचा सवाल होता. त्यांच्या मते समाज म्हणजे एकाने दुसऱ्याचे केलेले अनुकरण. १९०३ मध्ये पॅरिसात दोघे समोरासमोर आले. पुढच्याच वर्षी तार्द वारले आणि विद्यापीठांत दुर्खीम यांचा विचार रुजला.

तार्द यांचे म्हणणे मात्र एका मराठी विद्यार्थ्याने उचलले. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मर्म त्यांनी जातीतच लग्न करण्याच्या सक्तीत शोधले आणि ही सक्ती टिकते कशी, याचा चक्क हिशेब मांडला. जातीत लग्नाच्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळायला हवी. नवरा मेला की एक बाई जादा होते. ती जातीबाहेर लग्न करील किंवा जातीतल्या दुसरीचा वर घेईल. म्हणून तिला चितेवर चढवायचे, नाही तर जन्मभर विधवा ठेवायचे. बायको मेली की पुरुष जादा. त्याला गमावणे जातीला परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची थोरवी मागाहून गायली गेली. मुळात होते ते हे गणित.

ही रीत पसरली कशी, हे सांगताना त्यांनी तार्द यांचे अनुकरण हाताशी घेतले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. काहींनी दारे आपणहून लावून घेतली आणि त्यामुळेच इतरांसाठी ती बंद झाली, हेही त्यांनी दाखवले. माणसे नक्कल करतात आणि त्या नकलेतूनच कोणा एकाला न जुमानणारी भिंत उभी राहते. व्यक्ती आणि समाज यांच्या नात्यावरच्या अभ्यासक्रमात हा निबंध पहिल्या रांगेत हवा.

१९५९ मध्ये अमेरिकेत सी. राइट मिल्स यांनी हाच धागा रोजच्या भाषेत आणला. १ लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव आणि कसब तपासावे. ५ कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाचा स्वभाव तपासून काही हाती लागत नाही.

तीनच वर्षांनी पिएर बोर्द्यू यांनी फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बेआर्न या आपल्याच मुलुखातल्या बिनलग्नाच्या शेतकऱ्यांवर लिहिले. गावात नाताळचा नाच चालू आहे. शहरी कपड्यातली पोरे पोरींबरोबर नाचताहेत आणि कडेला तिशी ओलांडलेले शेतकरी नुसते उभे आहेत. जुन्या धाटणीचा सूट, जड चाल; पुढे व्हायचा धीर नाही. एके काळी जमिनीचा वारस असलेल्या थोरल्याचे लग्न सर्वांत आधी जमे. आता मुलींची नजर शहराकडे लागली आणि तीच जमीन त्याच्या गळ्यात पडली. समाज बाहेरून दाबतो, असे दुर्खीम म्हणाले होते. तो चालण्याबोलण्यात, अंगात मुरलेला असतो, हे बोर्द्यू यांनी दाखवले.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बिनलग्नाचे तरुण नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. बातम्यांनी त्याला करमणूक बनवले, पण गोष्ट गंभीर आहे. ‘शेती हवी, शेतकरी नवरा नको’ हे महाराष्ट्राच्या गावोगावी ऐकू येते. त्यात मुलीच कमी. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, तरीही राज्यात ६ वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशा घटत गेल्या. घराघरांत गुपचूप घेतलेल्या निर्णयांची ही बेरीज. निर्णय घेणाऱ्यांपैकी प्रत्येकाला वाटत होते, प्रश्न फक्त आपल्या घराचा आहे.

कायद्याची कडक अंमलबजावणी करा, ही मोर्चाची मागणी रास्तच होती. पण स्थळे पाहताना लग्नाच्या बायोडाटावर जात आणि पोटजात आजही नावाखालोखाल येते. ती लिहायला कोणताही कायदा सांगत नाही. मुली मिळत नाहीत म्हणणाऱ्या घरांनी निदान तो रकाना तरी आपल्या हाताने खोडावा.