कंठावरून माणूस

चैत्रातील जत्रा जवळ आल्या की जुन्नर तालुक्यातील नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पंच सुपारी ठरविण्यास तेथे येतात. नाचणारीण कोण, सोंगाड्या कोण, याची चौकशी होते. मागे उभे राहून झील धरणाऱ्या सुरत्याचे नाव कोणी विचारल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही. वास्तविक त्याच्या टिपेच्या सुरावाचून कवन शेवटच्या रांगेपर्यंत पोचावयाचे नाही.

गळ्यावरून भूमिका ठरविण्याची ही रीत सर्वत्र आहे. रोसिनीच्या १८१६ सालच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या विनोदी संगीतिकेत प्रणयी सरदाराला उंच ‘टेनर’ आवाज, खटपट्या न्हाव्याला मधला ‘बॅरिटोन’, आणि आपल्या आश्रित मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या म्हाताऱ्याला खर्जातला ‘बास’ दिला आहे. ज्याचा कंठ जाड, त्याने प्रेमाची गोष्ट काढताच लोकांनी हसावे!

हे हसू न्याय्य आहे काय? गौळणीतील मावशी पाहा. लुगडे नेसलेला पुरुष आपल्या राकट आवाजात बोलतो आणि मंडप हसतो. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांची शकुंतलाही पुरुषानेच नटविलेली. तिच्यापुढे माना डोलल्या. एकाने विसंगती लपविली, दुसरा ती मिरवितो. पहिलीला कला आणि दुसऱ्याला ग्राम्यपणा म्हणावयाचे, असे मीही पुष्कळ वर्षे मानीत आलो.

कोणी म्हणेल, बेसूर गळ्याचीही भरपाई आहे. गोड गळ्याच्या गायकाने कवीने रचलेलेच गावयाचे. सोंगाड्या वगात राजालाही आयत्या वेळी सुचेल ते सुनावतो. हे खरे आहे. पण हे समाधान पुढच्या खुर्चीत बसणाऱ्याला फार सोयीचे पडते. बोर्डावर राजाला फटकारणारा सोंगाड्या बहुधा महार, मांग वा कोल्हाटी. खेळ संपल्यावर त्याच गावच्या पाणवठ्यावर त्याला एके काळी मज्जाव होता. तेथे त्याच्या हजरजबाबीपणाचा काय उपयोग? गोड गळ्यालाही तेवढ्याने अभय मिळत नव्हते. विठाबाई नारायणगावकरांचा १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा अखेरचे दिवस हलाखीचेच होते.

सुरत्याला तर सोंगाड्याचे स्वातंत्र्यही नाही आणि विठाबाईंचे नावही नाही. कानावर हात ठेवून तो पहाटेपर्यंत दुसऱ्याच्या शेवटच्या शब्दाची वाट पाहतो, आणि तो शब्द आला की उचलतो.